सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही

तुमची अडचण थोडक्यात अशी. दीडशे सीसीची, कार्बोरेटरवाली, आठ वर्षं वापरलेली मोटरसायकल पाच आठवडे एका जागी उभी होती. आता सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पकडत नाही. बॅटरी चार्ज करून आणली, नवा प्लग टाकला, फरक शून्य. एक जण म्हणतो सीडीआय (प्लगच्या ठिणगीसाठी वीज सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेला, दुसरा म्हणतो कार्बोरेटरच नवा टाका, आणि तुम्ही विचारताय की दोन्हींपैकी आधी काय घेऊ. शेवटी जाता जाता एक ओळ लिहिली आहे: चोक ओढून किक मारली तेव्हा एकदा दोन-तीन सेकंद चालू झाली आणि बंद पडली.

मला विचाराल तर अख्ख्या प्रश्नात सगळ्यात कामाची ओळ तीच आहे. ती नसती तर मी तुम्हाला वीस शक्यता सांगत बसलो असतो. तेव्हा सरळ उत्तर हे, की आत्ता काहीच विकत घेऊ नका. इंजिन दोन सेकंद का होईना स्वतःच्या ताकदीवर फिरलं, म्हणजे तेवढ्या वेळात करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, आला, तो वेळेवर आला, सिलेंडरमध्ये दाब तयार झाला आणि पेट्रोलही पोचलं. सीडीआय मेलेला असता तर एक फटकाही ऐकू आला नसता. मग दोन सेकंदांनी संपलं काय? बहुतेक वेळा पेट्रोल. गरम झाल्यावर दगा देणारी पल्सर कॉइल (ठिणगी केव्हा पाडायची ते सीडीआयला कळवणारी कॉइल) असते, नाही असं नाही; पण तिला गरम व्हायला गाडी थोडी तरी चालावी लागते. थंड इंजिनात दोन सेकंदांत ती तापत नाही.

आता थोडं मागे जाऊ, कारण 'गाडी चालू होत नाही' या एका वाक्याखाली लोक निरनिराळ्या तक्रारी घेऊन येतात, आणि तिथेच निम्मा घोळ होतो. बटण दाबल्यावर काहीच होत नाही ही एक तक्रार. नुसती टक् किंवा टकटकटक होते ही दुसरी. मोटर घुंईऽ करून नुसती फिरते पण इंजिन जागचं हलत नाही, ही तिसरी. तिथे बहुधा स्टार्टरचा वन-वे क्लच, म्हणजे मोटरचा जोर इंजिनला पोचवणारा भाग, घसरतोय. आणि इंजिन नीट फिरतं पण पकडत नाही, ही चौथी, म्हणजे तुमची. पहिल्या दोन तक्रारी बॅटरी, फ्यूज, टर्मिनल, रिले आणि स्विच यांच्या घरातल्या. त्यांच्यासाठी कार्बोरेटर उघडणारा माणूस मी पाहिला आहे, आणि आपली चूक कळल्यावर त्याने केलेला चेहराही.

तुमचं इंजिन फिरतंय म्हणून बॅटरी लगेच निर्दोष सोडू नका. बारा व्होल्टची चांगली, भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवल्यावर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. मल्टिमीटर टर्मिनलला लावून ठेवा आणि दुसऱ्याला बटण दाबायला सांगा. आकडा १० च्या आसपास किंवा वर टिकला तर ठीक. ९ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी म्हातारी झाली, चार्जिंगला कितीही वेळ लावलेली असो. याचा पेट्रोलशी संबंध नाही, पण करंटशी आहे. काही गाड्यांत सीडीआयला वीज मॅग्नेटोमधल्या (इंजिनसोबत फिरून वीज तयार करणाऱ्या भागातल्या) स्वतंत्र कॉइलमधून मिळते. तिथे बॅटरी काढून ठेवली तरी किकवर गाडी सुरू होते. पण डीसी सीडीआयच्या गाड्यांत ती वीज बॅटरीतूनच येते. सेल्फच सगळी वीज खाऊन टाकतो आणि सीडीआय उपाशी राहतो. याची खूण अशी, की बटण दाबून धरलंय तोवर काही नाही, आणि बटण सोडता सोडता इंजिन एकदा 'फट्' करतं. तुमच्या गाडीत असं होतंय का, तेवढं कान देऊन ऐका.

सेल्फ एका दमात पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये अर्धा मिनिट तरी जाऊ द्या. जळलेल्या स्टार्टर मोटरी मी पाहिल्या आहेत. त्यातल्या बऱ्याचशा मूळ बिघाडाने नव्हे, तर मालकाच्या चिकाटीने जळलेल्या होत्या.

आणि हो, किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचा हँडलवरचा स्विच. तुम्ही म्हणाल, एवढं तर मी पाहिलंच असेल. सगळे असंच म्हणतात. काही गाड्यांत किल स्विच बंद असला तरी सेल्फ फिरतो, फक्त करंट येत नाही. काही गाड्या साइड स्टँड खाली असला की करंटच तोडतात. स्टँड वर दिसतो, पण त्याच्या मुळाशी असलेल्या स्विचमध्ये चिखल वाळून बसलेला असतो. एकदा चालू झाली होती म्हणून तुमच्याकडे हे नसावं, पण पाहायला दहा सेकंद लागतात.

आता मुख्य गोष्ट. इंजिन फिरतंय आणि पकडत नाहीये, अशा गाडीला मी सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारतो आणि त्याचं उत्तर प्लग देतो. चोक ओढा, पाच सेकंद सेल्फ मारा, थांबा, पुन्हा पाच सेकंद मारा, आणि लगेच प्लग काढा. काढण्याआधी त्याच्या खाचेतली धूळ-वाळू फुंकून किंवा ब्रशने साफ करा, नाहीतर ती सरळ सिलेंडरमध्ये पडेल. मग प्लग तळहातावर घ्या, टोकाकडे बघा आणि वास घ्या. ओला, चकाकणारा, पेट्रोलचा वास मारणारा प्लग म्हणजे पेट्रोल आत येतंय, पण पेटत नाही. कोरडा ठणठणीत, वासही नसलेला प्लग म्हणजे पेट्रोल येतच नाही. तुम्ही नवा प्लग टाकलात हे चांगलं, पण जुना काढला तेव्हा तो ओला होता की कोरडा, हे लिहिलेलं नाही. खरी माहिती त्या जुन्या प्लगवर होती, आणि बहुधा ती कचऱ्यात गेली.

ओला निघाला तर आधी करंट बघा. प्लग कॅपमध्ये घाला, प्लगचं धातूचं अंग इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला घट्ट टेकवा आणि सेल्फ मारा. प्लगच्या भोकापासून लांब टेकवा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ उसळते आणि ती ठिणगीची वाट बघत असते. बोटांनी धरून बघण्याची मर्दुमकी नको. झटका जबर बसतो. प्लग अधांतरी ठेवूनही सेल्फ मारू नये, करंटला वाट मिळाली नाही तर इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) आणि सीडीआय यांच्यावर ताण येतो. निळसर, टचटच आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळट, बारीक, चुकत-माकत पडणारी ठिणगी संशयास्पद. मोकळ्या हवेत ठिणगी पडणं सोपं असतं. सिलेंडरमध्ये हवा दाबली गेली की तेवढीच गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून बाहेर जेमतेम दिसणारी ठिणगी आत विझलेलीच समजा.

ठिणगी कमजोर असेल तर थेट सीडीआयवर उडी मारू नका. आधी कॅप. ती एचटी वायरवर (कॉइलकडून प्लगकडे येणारी जाड वायर) स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. उलटी फिरवून काढा. वायरचं टोक हिरवट-काळं झालं असेल तर पाच-सहा मिलीमीटर कापा आणि कॅप पुन्हा घट्ट फिरवून बसवा. बऱ्याच कॅपमध्ये ५ किलोओहमच्या आसपास रेझिस्टर असतो. मीटरवर त्याऐवजी तुटलेली वाट दिसली तर तीच गुन्हेगार. त्यानंतर कॉइलच्या अर्थिंगचा नट, मग कपलर, मग पल्सर कॉइलची वायर. सीडीआय या रांगेत सगळ्यात शेवटी, कारण तो तपासायचा सोपा मार्ग एकच आहे: तशाच गाडीचा चालू सीडीआय पाच मिनिटं लावून बघणे. 'सीडीआय गेला असेल' असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ बहुधा 'मला कळत नाही' असा असतो.

ठिणगी चांगली आणि प्लग ओला, तर पेट्रोल ओव्हर झालंय. चोक बंद करा, प्लग पुसून-वाळवून बसवा, अॅक्सिलेटर पूर्ण पिळून धरा आणि सेल्फ मारा. जास्तीची हवा आत जाऊन पेट्रोल बाहेर फेकलं जातं. पकडल्या पकडल्या मूठ सोडायची, नाहीतर गाडी एकदम किंचाळते.

पण माझा अंदाज विचाराल तर तुमचा प्लग कोरडा निघेल. चोक ओढला की मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं, आणि बऱ्याच कार्बोरेटरमध्ये हे जादा पेट्रोल पायलट जेटच्या (मूठ सोडलेली असताना इंजिनला पेट्रोल मोजून देणाऱ्या बारीक भोकाच्या) वाटेने येत नाही, वेगळ्या वाटेने येतं. म्हणजे पायलट जेट तुंबलेलं असलं तरी चोकवर इंजिन क्षणभर जागं होतं आणि लगेच गुदमरतं. दुसरी शक्यता अशी, की फ्लोटच्या वाटीत (कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं ती) होतं-नव्हतं तेवढं पेट्रोल संपलं आणि वरून नवं येत नाहीये. लक्षण दोन्हींत जवळजवळ सारखंच. पण दोन्ही वेगळे करायला कार्बोरेटर उतरवावा लागत नाही.

वाटीच्या तळाशी एक छोटा ड्रेन स्क्रू असतो आणि त्याखाली नळीचं तोंड. त्याखाली काचेची बाटली धरा. उघड्यावर करा, इंजिन थंड असताना, आजूबाजूला विडी-काडी नको. कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) चालू ठेवून स्क्रू सैल करा आणि बघत राहा. आधी वाटीतलं पेट्रोल येईल. त्यानंतरही धार चालू राहिली तर टाकी, कॉक, फिल्टर, फ्लोटची सुई (वाटीत पेट्रोल येणं चालू-बंद करणारी) सगळं ठीक, दोष जेटमध्ये. धार आटून थेंब थेंब झाली तर वरचा रस्ता बंद आहे. मग टाकीचं झाकण उघडा आणि पुन्हा बघा. झाकण उघडताच धार आली तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय: पेट्रोल खाली गेलं की त्या जागी हवा यायला हवी, ती न आल्याने पेट्रोल अडून बसतं. झाकणाने फरक पडला नाही तर कार्बोरेटरपाशी पाइप सोडून बघा. पाइपातून धार येत असेल तर फ्लोटची सुई चिकटलीये. पाइपच कोरडा असेल तर कॉकच्या जाळीत गंज-गाळ बसलाय. एक सावधगिरी: काही गाड्यांत व्हॅक्यूमवर चालणारा कॉक असतो, तो इंजिन फिरल्याशिवाय पेट्रोल सोडतच नाही. तसा असेल तर धार नाही म्हणून घाबरू नका. त्यावर 'प्राइम' अशी खूण असेल तर ती लावून ही तपासणी करा.

बाटलीकडे आता नीट बघा. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी पाऱ्यासारखे गोळे करून बसतं; बाटली कलंडली की गोळे घरंगळतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा शोषतं, आणि तो एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन खाली उतरतो. वाटी तर खालीच असते. शिवाय पेट्रोलमधले हलके घटक आधी उडून जातात आणि थंड इंजिन पेटवायला तेच लागतात. मागे राहतं ते पिवळट, जुन्या वार्निशसारख्या वासाचं. तसा वास आला तर टाकीतलं पेट्रोलही बदला, नाहीतर जेट साफ करून त्यातच पुन्हा तेच ओताल.

जेट साफ करायची वेळ आली तर घाई करू नका. सुट्या भागांचे फोटो काढत जा. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत फिरवून किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवा. तळाला आवळू नका, टोक चेपतं. वाटी उघडली की मधोमध मोठं मेन जेट दिसतं. त्याच्या शेजारी, बऱ्याचदा खोल भोकात लपलेलं, सडपातळ पितळी पायलट जेट असतं. खाचेत चपखल बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर वापरा. एकदा का खाच फाटली की पुढची संध्याकाळ त्यातच जाते. जेट काढून उजेडाकडे धरा. त्याचं भोक साधारण ०.३५ ते ०.४ मिलीमीटरचं असतं, म्हणजे मेन जेटच्या निम्म्याहूनही लहान. स्वच्छ असेल तर टाचणीच्या टोकाएवढा गोल, धारदार कडांचा प्रकाशाचा ठिपका दिसतो. अंधुक, चंद्रकोरीसारखा किंवा दिसतच नाही, तर सापडलं. दुसरं जेट हाताशी असेल तर शेजारी धरून बघा, फरक चटकन डोळ्यांत भरतो.

त्यात लोखंडी तार किंवा सुई खुपसू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पीत राहते. कार्बोरेटर क्लीनर फवारा, थोडा वेळ मुरू द्या, हवेने फुंका. अडूनच बसलं तर तांब्याच्या बारीक वायरीतला एखादा धागा, तोही भोकापेक्षा बारीक असेल तरच. जेटच्या बाजूला असलेली बारीक भोकं आणि कार्बोरेटरच्या अंगातल्या ज्या वाटेत ते बसतं तीही फुंकायची असते. नुसतं जेट साफ करून बसवणारे पुन्हा उघडत बसतात. क्लीनर मारण्याआधी रबरी रिंगा आणि डायफ्रॅम बाजूला काढा, ते फुगतात.

हे सगळं करूनही पकडली नाही तर? ठिणगी चांगली, पेट्रोल पोचतंय, तरी इंजिन मुकं, अशा वेळी दाब बघायचा. इथे मी स्वतः तोंडावर पडलेलो आहे. कामाला लागून दोनेक वर्षं झाली होती. एक गाडी आली, थंड असताना किकने सुरू होत नव्हती, धक्का मारला की होत होती. मी कार्बोरेटर तीनदा साफ केला, कॉइल बदलली, प्लग दोनदा बदलला. चौथ्या दिवशी शेजारी काम करणाऱ्या म्हाताऱ्या मेकॅनिकने टॅपेटचं (व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या भागाचं) झाकण उघडायला सांगितलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या फटीत फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या जुडग्याचं) ०.०५ मिलीमीटरचं पातंही शिरेना. टॅपेट वाजतात म्हणून आधी कुणीतरी ते आवळून शांत केले होते. फटच न उरल्याने व्हॉल्व्ह पूर्ण बसत नव्हता आणि दाब गळून जात होता. धक्का मारल्यावर इंजिन जास्त वेगाने फिरायचं, दाबाला गळायला वेळ मिळायचा नाही, म्हणून पकडायचं. फट पुस्तकातल्या मापाला आणली, दुसऱ्या किकला सुरू. त्या मालकाचे तीन दिवस माझ्यामुळे गेले. तेव्हापासून धक्क्याने सुरू होते पण किकने होत नाही असं कोणी म्हटलं, आणि बॅटरी ठीक असली, की मी आधी टॅपेट बघतो.

घरच्या घरी दाबाचा अंदाज घ्यायचा तर प्लग काढून, कॅपमध्ये घालून अर्थ करून ठेवा, भोकावर अंगठा गच्च दाबा, मूठ पूर्ण पिळा आणि कुणाला तरी किक मारायला सांगा. अंगठा फेकला गेला पाहिजे. बोट भोकात घालायचं नाही, वर दाबायचं. दाब कमी वाटला तर भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा बघा: वाढला तर पिस्टनच्या रिंगांकडे संशय, तसाच राहिला तर व्हॉल्व्हकडे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. खूप वेळ सेल्फ मारून पेट्रोल ओव्हर झालं असेल तर ते सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं आणि चांगल्या इंजिनातही दाब कमी भासतो. तिथे तो चमचाभर ऑइलच औषध ठरतो. एअर फिल्टरचा डबाही उघडून बघा. पाच आठवडे उभ्या गाडीत उंदरांना तो आवडतो.

माझं हे सगळं कार्बोरेटरच्या गाडीला धरून आहे. फ्यूएल इंजेक्शनची असती तर पहिला प्रश्न वेगळा असता: चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद 'झींऽ' असा पंपाचा आवाज येतो का? आणि गाडी आडवी पडली होती का? पडल्यावर काही गाड्यांत एक सेन्सर पेट्रोल आणि करंट तोडतो. उभी करून चावी एकदा बंद-चालू केली की तो सुटतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आज संध्याकाळी एवढंच करा: सेल्फ मारताना मीटर, मग प्लग ओला की कोरडा, मग ड्रेन स्क्रूखाली बाटली. तिन्हींना मिळून अर्धा तास लागतो आणि प्लग पाना, स्क्रू ड्रायव्हर, मीटर यापलीकडे काही लागत नाही. जेट साफ करावं लागलं आणि गाडी सुरू झाली, तर चोक हळूहळू बंद करा, पाच-दहा मिनिटं फिरवून आणा, आणि इंजिन गरम असतानाच मिश्रणाचा स्क्रू मोजलेल्या फेऱ्यांच्या आसपास अर्धा फेरा इकडे-तिकडे करून स्लो, म्हणजे मूठ सोडल्यावरचा इंजिनाचा कमी वेग, लावा. थंड इंजिनावर लावलेली स्लो पुढच्या सिग्नलला बदलते.

आणि पुन्हा महिनाभर गाडी उभी राहणार असेल, तर शेवटच्या दिवशी कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग ड्रेन स्क्रू उघडून वाटीतले उरलेले थेंबही काढून टाका.